कादेशचा तह आणि दीमाची मागणी

३ सप्टेंबर, मंगळवार
आजपासून रोज दोन तास इतिहासाची तयारी. निश्चय पक्का. अबू कुतैबाचा माज उतरवायलाच हवा.
सकाळी त्याच्या औषधांच्या दुकानात ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला गेलो. एक प्रश्न त्याने टाकायचा, एक मी, हा आमचा रोजचा व्यवहार. साम्राज्यं, लढाया, जुन्या लिप्या, काहीही चालतं. फोनमध्ये बघायचं नाही. जो अडेल त्याने शेजारच्या टपरीवरून पुदिन्याचा चहा मागवायचा. आज त्याने विचारलं, आपल्या अरबी लिपीची आई कोण? मी म्हटलं, तिला आई कशाला हवी, ती स्वयंभू आहे. तो म्हणाला, नबाती रे, नबाती! पेट्राच्या लोकांची लिपी! जॉर्डनचाच ना तू? गिऱ्हाइकंसुद्धा हसली.
उत्तर मला माहीत होतं. अगदी जिभेवर होतं. पण गोळी घेतलेली नव्हती.
चहा मी मागवला. हल्ली टपरीवाला मला बघितलं की न विचारताच दोन ग्लास भरतो.

५ सप्टेंबर
तयारी उद्यापासून. आज झाडावरचे अंजीर उतरवायचे होते. बायकोने, नवालने, उतरवले, मी शिडी धरली. बराच वेळ धरली.
संध्याकाळी वहिनी आली, मुहन्नदला घेऊन. मुहन्नद म्हणजे माझ्या गेलेल्या भावाचा मुलगा, इंजिनिअर. बातमी अशी की त्याला दीमा आवडते आणि दीमाला तो. आणि दीमा कोणाची मुलगी? अबू कुतैबाची! दोन्ही घरच्या बायकांचं आतल्या आत ठरूनसुद्धा झालंय. आता फक्त रीतसर जाहा न्यायची, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्याने गावातली प्रतिष्ठित माणसं बरोबर घेऊन मागणी घालायला जायचं. भाऊ नाही, तेव्हा वडीलधारा मीच. वहिनी म्हणाली, भाऊजी, बोलायचं तुम्हालाच आहे, दुसरं कोण आहे आम्हाला? तिचे डोळे भरून आले. आनंदानेच असणार.
मुहन्नद म्हणाला, काका, पाच मिनिटांत आटपा हं. आजकालच्या मुलांना समारंभ कळत नाही.

८ सप्टेंबर
भाषणाचा पहिला ड्राफ्ट तयार. सुरुवात सुमेरपासून. बाबिलोनपर्यंत ऐकून नवाल उठली, म्हणाली भात लागेल. आज घरात भात नव्हता.

११ सप्टेंबर
दुकानात मी अबू कुतैबाला विचारलं, हित्तिनच्या लढाईत सलाहुद्दीनने क्रुसेडरांचं काय तोडलं? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, पाणी. मुद्दामच सोपा दिला होता. होणारा व्याही आहे.
मग त्याने विचारलं, रोझेटाच्या दगडावर लिप्या किती? मी म्हटलं दोन. तो म्हणाला तीन. मुळात दगडच फुटका, त्याला मी काय करणार? चहा मी मागवला.
निघताना हळूच म्हणाला, फव्वाझ, ऐक. जाहाच्या दिवशी इतिहासबितिहास काढू नकोस. माझे थोरले भाऊ, हाजी मिफ्लेह, बसणार आहेत. रीतीच्या बाबतीत ते माझंसुद्धा ऐकत नाहीत. मी नुसता हसलो. घाबरलाय बिचारा.

१५ सप्टेंबर
नवालने कॉफीची तालीम घेतली. जणू काही मला माहीतच नाही! कप हातात आला की न पिता समोर ठेवायचा. मग मागणी घालायची. मुलीकडचे म्हणाले, प्या कॉफी, मुलगी तुमचीच आहे, की मगच तोंडाला लावायचा. आधी प्यायलो तर अर्थ एकच: आमचं काही मागणं नाही, आलो, बसलो, निघालो. इथे आमच्या साल्ट शहरात शेंबड्या पोरालाही हे कळतं. आणि मी काय लहान आहे? कितीतरी जाहांना जाऊन आलोय. मागच्या रांगेत, पण गेलोय.
तिने तीनदा कप दिला. दोनदा मी ठेवला. तिसऱ्यांदा टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या.

१९ सप्टेंबर
भाषणातून सुमेर आणि असीरिया काढले. नवालची अट. कादेश ठेवलाय. कादेशला हात लावाल तर खबरदार, असं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, हात तुम्ही कपाला लावू नका म्हणजे झालं.
तयारी पूर्ण. इतका शांत मी लग्नातही नव्हतो.

२० सप्टेंबर, शुक्रवार, संध्याकाळी
सगळं सविस्तर लिहितो, म्हणजे चूक नक्की कोणाची ते पुढे कळेल.
बैठक माणसांनी भरलेली. हाजी मिफ्लेह मधोमध, काठी गिळल्यासारखे ताठ. कॉफी आली. मी कप न पिता समोर ठेवला. ऐटीत. मुहन्नद माझ्याकडे बघून हसला. पोराने नवा कोट शिवला होता.
मी सुरू केलं. म्हटलं, मंडळी, कादेशला रामसेस आणि हित्ती राजा केवढे लढले, पण शेवटी दोन्ही राज्यांत तह झालाच की नाही? तसंच आज ही दोन घरं... तेवढ्यात अबू कुतैबाच्या तोंडून निसटलं, तो तह कुठल्या लिपीत होता रे? हाजींनी डोळे वटारले. त्याने जीभ चावली. पण प्रश्न तर पडला होता, आणि पडलेला प्रश्न मी सोडणारा नाही. म्हटलं, इजिप्तच्या देवळांच्या भिंतींवर, चित्रलिपीत. त्याला राहवेना. म्हणाला, आणि हित्तींकडची प्रत?
वहिनीचा भाऊ तैसीर, इरबिदहून आलेला, माझी बाही ओढत म्हणाला, अहो, मागणी घाला, मागणी! मला दरदरून घाम फुटला. आणि एकदम, देवाशपथ, आठवलं! मातीच्या पाटीवर, क्युनिफॉर्ममध्ये, भाषा अक्कादी! अबू कुतैबा ओरडला, शाब्बास रे फव्वाझ!
किती महिन्यांनी बरोबर आलं होतं. घसा कोरडा पडला होता. समोर कप होता. मी उचलला आणि एका घोटात संपवला. वर रिकामा कप हलवूनही दाखवला, म्हणजे पोट भरलं, आणखी नको.
कोणी बोलेना. मला वाटलं, उत्तराने भारावलेत. मग हाजी मिफ्लेह उठले. म्हणाले, तब्येत चांगली राहो. पाहुण्यांचं काही मागणं नव्हतं, नुसतं भेटायला आले, घराला शोभा आली. आणि त्यांनी दार दाखवलं. आतून तोंड गोड करायला केलेल्या कुनाफाचा वास येत होता. कुनाफा बाहेर आलाच नाही.
मुहन्नद जिन्यात माझ्याशी एक शब्द बोलला नाही. वहिनी मात्र बोलली. ते इथे लिहीत नाही.

२२ सप्टेंबर
माझ्या मते दोष कॉफीवाल्याचा. कप इतका जवळ ठेवायचा असतो का?
मुहन्नद फोन उचलत नाही. चार वेळा केला. भावाने शेवटच्या आजारपणात सांगितलं होतं, पोराकडे बघ. मी बघतोय की. मला जेवण जात नाही. नवालने अंजिराचा मुरंबा समोर ठेवला, तोही तसाच राहिला.

२६ सप्टेंबर
दुकानात गेलो. प्रश्न त्याने विचारला नाही, मीही नाही. अबू कुतैबा म्हणाला, अरे, हो म्हणायला मी तोंड उघडलंच होतं, तू कप हलवलास! भाऊ म्हणतात, कप रिकामा, विषय संपला. हवं तर नवी जाहा आणा, नवा माणूस आणा. आणि मला काय सुखाने जगू देतात? दीमा माझ्या ताटात वाढत नाही. म्हणते, बाबा, तुम्हाला प्रश्न विचारायला तीच वेळ सापडली?
मी म्हटलं, उत्तर तरी बरोबर होतं ना? तो म्हणाला, उत्तर बरोबर होतं. मग आम्ही दोघेही खाली बघत बसलो.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
आज नवी जाहा. बोलणार तैसीर. माझ्यावर पार्किंगची जबाबदारी. तैसीरची गाडी मोठी, गल्ली अरुंद, तेव्हा जागा धरून ठेवणं हे जोखमीचं काम, आणि ते अनुभवी माणसालाच देतात. प्लास्टिकची खुर्ची टाकून खाली बसलो. दोन टॅक्सीवाल्यांना परतवलं.
तैसीर दोन मिनिटं बोलला असेल. वरच्या खिडकीतून बायकांच्या आनंदाच्या आरोळ्या आल्या, तेव्हा कळलं. मी उठून उभा राहिलो. वर जावं की नको ते ठरेना. कोणी बोलावलं नव्हतं. पुन्हा बसलो.
मग मुहन्नदच धावत खाली आला, सगळ्यांच्या आधी. हातात कप. जिन्यात अर्धी कॉफी त्याच्या नव्या कोटावर सांडलेली. म्हणाला, काका, आता प्या.
प्यायलो. तो म्हणाला, रडताय का? मी म्हटलं, छे, वेलची जास्त पडलीय.