मुदत संपायच्या आत

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
६ फेब्रुवारी १९८४

प्रिय ताहेरुन्निसा आपा,

आजवर प्रत्येक पत्रात तुला खोटंच लिहिलं. आम्ही मजेत आहोत, रहमानना रजा मिळत नाही, असंच काहीबाही. खरं हे, की मला सव्वादोन वर्षांची मुलगी आहे. रुकैया. टपालातलं पत्र कुणी उघडलं तर, या भीतीने तुलाही कळवलं नाही. हे पत्र मात्र शेजारच्या हजराचा नवरा हातोहात आणतोय. तो खेडला सुट्टीवर येतोय.

रहमानचे कफील, म्हणजे ज्या मालकाच्या नावावर आम्ही इथे राहत होतो ते, मी आल्यावर वर्षभरात धंदा बंद करून बसले. पासपोर्ट त्यांच्याकडेच अडकले. यांनी दुसऱ्याची गाडी चालवायला घेतली, पण कागद काही नवे झाले नाहीत. यांचे गेले तसे माझेही गेले. म्हणून बाळंतपण इस्पितळात नाही, या खोलीतच झालं. हजराने नाळ कापली. पोरीचं नाव कुठल्याच दप्तरात नाही, ना इथल्या, ना आपल्या.

आता सरकारने मुदत दिलीय. कागद नसलेल्यांनी महिनाअखेरपर्यंत पुढे यावं आणि शिक्षेशिवाय मायदेशी जावं. घरात त्यावरून रोज वाद. पुढच्या खोलीतले पोपटराव गवंडी म्हणतात, "दहा वर्षं इथल्या लोकांच्या भिंती बांधल्या, राहायचा कागद द्यायला यांचं काय जातं?" वरच्या मजल्यावरचे मजीदभाई अरबी पेपर वाचतात. ते म्हणतात, "नाही देणार. ते थोडे, आपण जास्त. तेच आपल्याला घाबरतात." आणि रहमानचं एकच, "हे जाळं आहे. गेलो की आत. खलास." इथे जन्मलेलं मूल तरी इथलं का नाही, असं मी एकदा विचारलं, तर मजीदभाईंनी पेपरची घडी घातली.

गेल्या मंगळवारी दुपारी गल्लीत तपासणी आली. पुरुष कामावर होते. मी रुकैयाला घेऊन गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे शिरले. खाली दारं वाजत होती, बूट जिना चढत होते. ती कुरकुरली, तसा मी तिच्या तोंडावर हात दाबला. किती वेळ, ते सांगता येत नाही. बूट उतरले तेव्हा हात काढला, तर ओठ निळे पडलेले, मान कलंडलेली. आपा, मी तिला गदागदा हलवलं, तोंडात फुंकलं. मग कुठे तिने श्वास घेतला. कुणी आम्हाला पकडलं असतं तरी एवढं वाईट केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी यांना न सांगता हजराबरोबर आपल्या वकिलातीत गेले. भर उन्हात मोठा रस्ता टाळत चाललो. तिथला कारकून नीट बोलला. मायलेकींना जाण्यापुरता कागद मिळेल म्हणाला, पण मूल तुमचंच कशावरून? निकाहनामा आणा, नाहीतर कुणी सही करून साक्ष द्या. हजराने पेन हातात घेतलं नाही. नवऱ्याच्या नोकरीची तिला भीती. मी तिला दोष देत नाही.

संध्याकाळी रहमानना सांगितलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू जा. मी नाही येत. फक्त माझं नाव कुठे देऊ नकोस."

पण निकाहनाम्यावर यांचंच नाव आहे, आपा. तो कागद टेबलावर ठेवला, की हे इथे आहेत हे कळणार. तरी मी तो मागवतेय, यांना न सांगता. अम्मीच्या पेटीत तळाशी असेल. हजराच्या नवऱ्याकडे दे, तो वीस तारखेला परत निघतोय. आणि मला अडकवून ठेवलं, तर हजरा रुकैयाला कुणातरी ओळखीच्या बाईबरोबर पाठवेल. तसा निरोप आला, की तू मुंबईच्या विमानतळावर ये. तिचा एकही फोटो नाही. डाव्या कानामागे तीळ आहे, त्यावरून ओळख. हाक मारशील तर ती ओ देणार नाही. अनोळखी आवाज आला की गप्प बसायचं, एवढंच मी तिला शिकवलंय. तू जवळ जा आणि उचलून घे.

तुझीच,
मुनीरा