आईची सिस्टर

१२ जानेवारी २००४
पुन्हा डबल ड्यूटी. सकाळची संपवून निघाले, तर संध्याकाळची सिस्टर आजारी. वॉर्डाची इनचार्ज मी, म्हणजे थांबायचं मीच. नाशिकला आईकडे जायला रजा हवीय म्हटलं की मेट्रनचं ठरलेलं उत्तर, "इन्शाल्ला, नई बॅच आने दो." मेट्रन केरळच्या, पण इतकी वर्षं इथे कतारला, दोह्यात काढून इन्शाल्ला अशा म्हणतात की त्याचा अर्थ 'नाही', हे नवख्यालाही कळावं. पाय सुजलेत. विलासने भात लावला होता, करपवला. खाल्ला.

१९ जाने.
मुंबईला नव्या सिस्टरांचे इंटरव्ह्यू घ्यायला गेलेली टीम परत आली. मेट्रननी बोलावलं. "ये शैला आपके नासिक की है. जानती हो? वर्कर कैसी है?"
जानती हो म्हणे! आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली राहते. आईची डावी बाजू गेली तेव्हापासून रोज सरकारी हॉस्पिटलच्या ड्यूटीला जायच्या आधी वर येते. इन्सुलिन देते, अंग पुसते, कूस बदलते. ती आहे म्हणून मी इथे नोकरी करू शकते. आणि बाई मुंबईला जाऊन इंटरव्ह्यू देऊन आल्या, मला पत्ता नाही!
उद्या सांगते म्हटलं. तिला अडवायला वाईट बोलायचीही गरज नाही. 'ओळखत नाही' एवढं पुरेल.

२० जाने.
शैलाचा भयंकर राग आलाय. कशाबद्दल, ते मात्र सांगता येत नाही. तिकडे ती टेंपररी, पुढची ऑर्डर निघते की नाही ही कायमची धाकधूक, अख्ख्या वॉर्डाला एकटी सिस्टर. मी तरी का आले होते? आमची भोकं बुजवायला आम्ही तिकडचं कापड फाडून आणतो. आजवर कधी वाईट वाटलं नाही, कारण कापड दुसऱ्याचं होतं.
मेट्रनना सांगितलं, "एकदम गुड. मेरी माँ को वही देखती है."
"शुक्रन," म्हणून आभार मानले आणि पुढची फाइल ओढली. खलास.
घरी येऊन रडले. विलास म्हणाला, "खरं तेच सांगितलंस ना? मग रडतेस कशाला?" वेस्ट बेच्या ऑफिसात बसून पाइपलाइनी आखणाऱ्या नवऱ्याला काय समजावणार.

६ फेब्रु., शुक्रवार
आईला फोन. कार्ड संपेपर्यंत भांडले. तिला सगळं माहीत होतं! उलट तिनेच शैलाच्या मागे लागून अर्ज करायला लावला.
"का पण, आई?"
"फोनवर आवाज ऐकते ना तुझा. कधी बघावं तर ड्यूटीवरून आलेली, नाहीतर निघालेली. सिस्टर कमी आहेत म्हणतेस. माझ्याकडे चांगली आहे, ती पाठवते."
जशी काही शेजारी वाटीभर साखर पाठवायचीय!
"आणि तुझं कोण करणार?"
"उजवा हात आहे की. सुई मी टोचून घेईन. स्वयंपाकाच्या बाई आहेतच. खालच्या दवाखान्यातला कंपाउंडरही येईन म्हणालाय."
इकडे ये म्हटलं तर नाही. धडधाकट होती तेव्हा आणलं होतं, मदिनत खलीफाच्या या घरात महिनाभरात कोमेजली. पुढे काही बोलणार, तर कार्ड संपलं.

४ मे
शैला आली. हॉस्टेलवर भेटायला गेले. आधी तिची इथली परीक्षा, मग नर्सिंगचं लायसन्स. तोवर पेशंटला हात लावायचा नाही. म्हणजे वॉर्ड तेवढाच लंगडा आणि माझी रजा तेवढीच लांब. तिला बघून बरं वाटलं, हेही खरं. जवळ घेतलं तर अंगाला आईच्या खोलीतल्या पावडरचा वास.
पाणीसुद्धा प्यायली नाही. ड्यूटी संपताना आपण पुढच्या सिस्टरला एकेक पेशंट सांगून ओव्हर देतो, तशी ताठ उभी राहून बोलायला लागली.
"ताई, निघायच्या आधी आठवडाभर त्यांचं त्यांना करू देऊन बघितलं. सकाळची शुगर वाढलेलीच असते. माकडहाडापाशी कातडी लाल झालीय, फुटली नाहीये अजून. स्वयंपाकाच्या बाई कूस बदलायला विसरतात. कंपाउंडर दोन दिवस आला, आता टाळतो. आणि डोळे... आई सांगू नको म्हणाल्या होत्या. सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत त्यांना. अंदाजाने भरतात औषध."
मी म्हटलं, "मग निघताना तू ओव्हर दिलीस कुणाला?"
तिचा चेहराच पडला. "घ्यायला कुणी नव्हतं हो, ताई. म्हणून तर तुम्हाला देतेय."
घेतली. आता पेशंट माझा. उद्या मेट्रनकडे रजा मागायची. इन्शाल्ला म्हणाल्या, तर राजीनामा देऊन निघायचं.