बी. ए. संस्कृत बहिणीची तक्रार

जुबैल (सौदी अरेबिया), शुक्रवार

ती. हरिहरदादा यांस,

सदानंदचा साष्टांग नमस्कार. आपला रक्तदाब आणि वहिनींचे गुडघे ताळ्यावर असतील अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल, म्हणजे मी सोडून. लग्नात आपण माझा हात धरून म्हणाला होता, "विभाबद्दल काही तक्रार असली तर थेट मला सांगा." इतकी वर्षं तक्रार सापडत नव्हती. आता सापडली आहे.

आपल्या बहिणीला डॉक्टर व्हायचं आहे. खरीखुरी, गळ्यात स्टेथोस्कोप घालणारी. जिने शाळा सुटल्यापासून बेडकाकडे लांबूनही पाहिलं नाही तिला! आयर्लंडमध्ये म्हणे अशी मेडिकल कॉलेजं आहेत जिथे कुठल्याही विषयाची पदवी चालते. प्रवेशपरीक्षा द्या, मुलाखत द्या, की चार वर्षांत डॉक्टर. हे ऐकून मी जेवणावरून उठलो. आपल्याला ठाऊक आहेच, बारावीला मेडिकलसाठी मला थोडे मार्क कमी पडले. (थोडे म्हणजे किती ते आईने कुणाला सांगितलं नाही, मीही सांगणार नाही.) पुन्हा बसलो, पुन्हा कमी पडले. मग केमिकल इंजिनिअर झालो आणि इथल्या प्लांटमध्ये शिफ्टा करत बसलो. सुभाषितं पाठ करूनही डॉक्टर होता येतं हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर?

सुरुवात झाली शेजारच्या मासूमाभाभींपासून. त्या हैदराबादच्या, उर्दूखेरीज काही येत नाही. विभाने इथे आल्यावर अरबी शिकून घेतली होती (मला अजून 'यल्ला' आणि 'खलास' यांच्यापुढे जाता आलेलं नाही), म्हणून भाभींच्या बाळंतपणात ती दुभाषी म्हणून दवाखान्यात गेली. मग बिल्डिंगमधली प्रत्येक बाई दवाखान्यात जाताना विभाला सोबत नेऊ लागली. मला वाटलं, समाजसेवा आहे, करू दे. ती परत यायची तेव्हा तिचा चेहरा उजळलेला असायचा. माझा चेहरा प्लांटमधून येताना कसा असतो ते आपण व्हिडिओ कॉलवर पाहिलंच आहे.

परीक्षेत उतारे, निबंध आणि विज्ञान. उतारे-निबंधांची तिला काय भीती! विज्ञान मी शिकवायला घेतलं, आणि खरं सांगतो, सुरुवातीचे दिवस फार सुखाचे गेले. पुढे ती "हे असं का?" विचारू लागली. मी म्हणायचो, "असतं तसं." मग ती स्वतः शोधून काढायची आणि भाजी चिरता चिरता मला समजावून सांगायची. (आमचा रसायनशास्त्राचा पाया किती कच्चा होता हे मला आत्ता कळतंय.) निकालाच्या दिवसासाठी मी सांत्वनाची वाक्यं तयार ठेवली होती. छान जमली होती, फुकट गेली. मी अभिनंदन केलं ते कसं केलं कोण जाणे, आमची निवेदिता म्हणाली, "पप्पा, यू आर सो जेलस!" म्हटलं, जेलस नाही, ॲसिडिटी आहे. तर आतून विभाने विचारलं, "नेमकं कुठे दुखतंय?"

मुलाखत कॉम्प्युटरवर झाली. मी दाराबाहेर टॉवेलांच्या घड्या घालत होतो. (ऐकत नव्हतो, ऐकू येत होतं.) त्यांनी विचारलं, संस्कृत शिकून मेडिकल कशासाठी? मनात म्हटलं, सापडली! विभा शांतपणे म्हणाली, "मासूमा डॉक्टरांना पाठदुखी सांगत होती. तिला दुसरंच काहीतरी सतावतंय हे मला दिसत होतं. पण मी दुभाषी. बोललेलं तेवढं पोचवायचं. न बोललेलं विचारण्याचा अधिकार मला नव्हता. तो मला हवाय."

दादा, मी त्याच टॉवेलची पुन्हा घडी घातली. तुला डॉक्टर का व्हायचंय, असं मला कधी कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, "बाबा म्हणतात म्हणून."

तर आपण वडीलकीच्या नात्याने तिची समजूत घालावी ही विनंती. निवेदिताची बारावी तोंडावर, माझ्या शिफ्टा, एवढ्या लांब एकटं राहणं. हे काय वय आहे?

आपला,
सदानंद

ता. क. पत्र संपवतो तोच ईमेल आली. प्रवेश मिळाला. वर समजूत घाला म्हटलंय ती "जा" अशी घाला. ती नाही म्हणून बसली आहे, आमचं कसं होईल म्हणून. मी पुन्हा पुन्हा सांगितलं की जा, तर म्हणते, "टोमणे मारू नका." एवढे महिने मी जसा वागलो त्यावरून माझ्या "जा"वर कुणाचा विश्वास बसणार? आपला बसेल. मी दिवसपाळी मागून घेतली आहे. आमटी जमते, निवेदिता ती खाते. मी लिहिलंय हे मात्र तिला कळू देऊ नका.

आणखी एक. मघाशी कागदावर सहज लिहून पाहिलं: डॉ. विभा सदानंद नेरूरकर. 'डॉ.' आणि माझं नाव यांच्यामध्ये एकच शब्द. इतक्या जवळ मी पूर्वी कधी पोचलो नव्हतो.