शोभापेक्षा मोठी खिडकी

३ मार्च, मंगळवार
सासूबाई आजपण शोभाकडंच. समोरचंच घर, चार पावलं, पण महिना झाला. आठ दिवस म्हणून गेलेल्या! म्हणं तिच्या नव्या स्लायडिंग खिडकीतनं वारं लई येतं. १८ वर्षं माझ्याकडं राहिल्या, तवा वारं कुटनं येत होतं? धाकटी जाऊ, आणि माझ्याच पुढं गेली. जळतंय. जळू दे.

५ मार्च
काचा पुसल्या. गजांतनं हात जात न्हाय, पेपरचे बोळे करून बोटं काळी. समोर शोभा एका फडक्यात मोकळी. वर हाक, "अक्का, अजून पुसताय व्हय?" दात तर बघा तिचे.
ह्यांना सांगितलं, स्लायडिंगच पायजे. तिच्यापेक्षा मोठी, निळ्या काचेची. हे म्हणतात, "सागवानी हाय की आपली." मी ऐकते व्हय!

९ मार्च
फिटर येऊन माप घेऊन गेला. "वहिनी, खिडकी लई खाली हाय. खिडकीतल्या बसायच्या कट्ट्यावर विटा लावून दोन फूट उचलावी लागंल." उचल म्हणलं. शोभाचीपण उंचच हाय.

१४ मार्च
बसली! दोनदा पुसली. शोभा दारात येऊन बघून गेली. आज जेवण गोड लागलं.

१६ मार्च
सा.बा. आल्या. हातात निवडायच्या तांदळानं भरलेलं सूप. "आत्या, बघा वारं!" म्हणलं. त्या भिंतीवरनं हात फिरवत उभ्याच.
"झ्याक हाय. पण माजा कट्टा कुटं गेला गं?"
त्याच कट्ट्यावर बसून तांदूळ निवडायच्या, पोरीची वेणी घालायच्या, गल्लीतल्या बायांना हाका मारायच्या. मी रोज बघितलंय. तरी विटा लावताना एकदापण...
"पाडव्याला येणारच हुते. शोभाचा दिवाण उंच, पाय लोंबकळत्यात."
खुर्ची दिली. बसल्या न्हाईत. उभ्यानंच च्या घेतला, सूप तसंच घेऊन गेल्या.

१८ मार्च
उद्या पाडवा. फिटरला फोन केला, ही काढून जुनी परत बसवशील का म्हणून. "वहिनी, आत्ताच तर बसवली की!" ठेवला.
जुन्या ब्रशनं ट्रॅकमधली धूळ काढत होते. समोरनं शोभा, "अक्का, आत्या विचारत्यात, जुनी खिडकी टाकली का ठेवली?"
तेपण हिच्याच तोंडून ऐकायचं!
"गच्चीवर हाय म्हणून सांग."
शोभानं आत तोंड करून सांगितलं. सा.बा. काहीतरी बोलल्या, मला ऐकू आलं न्हाय. काच पूर्ण सरकवून कान देऊन उभी राहिले.