तळघराच्या दारामागचं भूत

वहिनी,

ड्युटी लवकर आहे, निघतेय. दुकानाचा माणूस दादाची भुताच्या सिनेमाची जुनी डिस्क न्यायला येईल, देऊ नकोस. ती देऊन नवी स्पेशल एडिशन घ्यायचं मीच ठरवलं होतं, पण मन होईना.

जुनी डिस्क सिनेमातल्या तळघराच्या दारापाशी अडकते. तिथे दादा उशीचा अभ्रा डोक्यावर चढवून स्वतःच भूत व्हायचा आणि पुढचं काहीही ठोकून द्यायचा. नवीत खरं भूत दिसेल. मला नकोय ते.

तू काल तो अभ्रा धुतलास म्हणून मी केवढी ओरडले! चुकलंच माझं.

दादा गेल्यापासून सिनेमा लावलाच नाही. संध्याकाळी लावू. अडकला की पुढचं तू सांग. मला नाही जमायचं.