उघड्या दुकानाचा अर्ज

वडील साडूभाऊंना धाकट्या साडूचा दोन हात दुरून नमस्कार. (अंतर सरकारी नियमाप्रमाणे.)

तुमची आणि ताईंची प्रकृती ठीक असेल असं धरून चालतो. ठीक नसती तर ताईंचा फोन आला असता, आणि ताईंचा फोन आला की आमच्या घरात तो कुणाला कळल्यावाचून राहत नाही. तुमचे भूगोलाचे वर्ग संगणकावरून सुरू झाल्याचं ऐकलं. एक कळ दाबली की सगळ्या वर्गाची तोंडं बंद, ही सोय शाळेत आधीच हवी होती. आमच्याकडे सगळी खुशाल आहेत. मी खुशाल नाही, चिडलेला आहे. पण चिडलेला माणूस आजारी पडत नाही असा माझा अनुभव आहे.

आता हकीकत. पहिल्यापासून सांगतो. (तुम्ही पत्राचा मधला भाग सोडून वाचता, हे ताईंकडून कळलं आहे. कृपया तसं करू नये.) साथ आली, माणसं घरात बसली आणि माझा किल्ल्यांचा धंदाही बसला. लोकांना याचं नवल वाटतं, कारण लोक विचार करत नाहीत. किल्लीवाला आठवतो कधी? माणूस बाहेर पडतो तेव्हा. किल्ली आत राहते, दार ओढलं जातं, बसमध्ये पाकीट पडतं, मग माझी आठवण येते. आता चोवीस तास घरात कुणी ना कुणी आहेच. बेल वाजवली की आतून उघडतात. चोरसुद्धा घरी बसले. (चोरांची भरपाई कोण करणार, असा प्रश्न मी अर्जात घातला होता. हिने तो खोडायला लावला.)

तर साथीमुळे ज्यांचं उत्पन्न बुडालं त्यांना दरमहा आपत्कालीन साहाय्य, असं सरकारने जाहीर केलं. माझं बुडालं, म्हणजे मी पात्र. इथवर कुणाचा गोंधळ होण्याचं कारण नाही. पण अर्जातला चौथा प्रश्न असा: 'आपला व्यवसाय सरकारी आदेशाने बंद ठेवण्यात आला काय?' माझा नव्हता. किल्लीवाले अत्यावश्यक सेवेत मोडतात. औषधवाल्यांच्या खाली दोन ओळी सोडून आमचं नाव आहे. (ती यादी मी कापून काउंटरच्या काचेखाली लावली. बावीस वर्षांत सरकारने पहिल्यांदाच माझी दखल घेतली होती. ती अशी अंगावर येईल हे तेव्हा कळलं नाही.) दुकान उघडायची मला परवानगी होती, पण गिऱ्हाइकावर यायची सक्ती नव्हती. म्हणून मी 'नाही'वर खूण केली, शेजारी 'पण' असं लिहिलं आणि नऊ पानी पुरवणी जोडली.

माझ्या शेजारच्या केस कापणाऱ्याचं दुकान आदेशाने बंद. त्याने 'हो'वर खूण केली, आठव्या दिवशी साहाय्य जमा. पुढचं दार बंद ठेवून मागच्या दाराने त्याने अर्ध्या गल्लीची डोकी भादरली. (त्यात माझंही होतं, म्हणून मी जास्त बोलत नाही.) तो मला म्हणतो, "उस्ताद, 'हो' करा आणि मोकळे व्हा. तुमच्या दुकानाकडे गिऱ्हाईक बघत नाही, सरकार कशाला बघतंय?" ही म्हणाली, "तेवढी खूण केल्याने हात झडणार आहे का तुमचा?" मी म्हटलं, लोक माझ्याकडे घराच्या किल्ल्या ठेवून जातात त्या कशाच्या भरवशावर? "मग दुकानाचं भाडंही त्याच लोकांना भरायला सांगा," ही म्हणाली आणि आत गेली. चार महिन्यांचं भाडं तुंबलं आहे, हे ओघात लिहितो. दुकानाचा मालक भला माणूस आहे. महिनाअखेर दुकान रिकामं करा, हेसुद्धा तो अगदी हळू आवाजात म्हणाला. आरडाओरडा केला असता तर मी भांडलो तरी असतो.

अर्ज परत आला. शेरा: 'गिऱ्हाईक न आल्याचा पुरावा जोडावा.' दुसरा कुणी असता तर खचला असता. मी दोनशे पानी वही आणली. रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा दुकानात बसलो आणि न आलेल्या गिऱ्हाइकांची नोंद ठेवली. नमुन्यादाखल: '९.४०. चष्मेवाला इसम थांबला. बुटाची नाडी बांधली. गेला.' '११.१५. बाईंनी डोकावून औषधाचं दुकान विचारलं. दाखवलं.' '३.०५. मांजर.' (मांजर लिहावं की नाही यावर मी बराच वेळ घालवला. पण एकदा गाळायला लागलं की थांबायचं कुठे?) असे सेहेचाळीस दिवस. खाडाखोड एकही नाही.

वही पोचली आणि तपासनीस बाईंचा फोन आला. "इतकी नीटनेटकी नोंद मी अजून पाहिली नाही हो," त्या म्हणाल्या. माझी छाती फुगली. "रोज नऊ ते सहा बसलात?" म्हटलं, एक दिवस चुकलो नाही. "रविवारी?" रविवारीसुद्धा, मी म्हटलं. "अहो, मग तुम्ही पूर्णवेळ कामावर होता की! हे साहाय्य काम नसलेल्यांना आहे." मी म्हटलं, "बाई, मी काम नसल्याचं काम करत होतो." "तेच लिहून घेतलंय मी," बाई म्हणाल्या. अर्ज नामंजूर. म्हणजे मागच्या दाराने धंदा केला तो बेकार, आणि पुढच्या दारात रिकामा बसला तो कामकरी.

पण मी सोडणारा नाही. अकराव्या वर्षी मामाच्या कपाटाचं कुलूप मी विणायच्या सुईने उघडलं. शिकवायला कुणी नव्हतं. तीन दिवस लागले आणि मामीचा आरसा गेला, पण कपाट उघडलं. ('प्रशिक्षण संस्था' या रकान्यात मी 'मामाचं कपाट' असंच लिहिलं आहे.) सरकारी खातं त्या कपाटाहून अवघड नसावं. नियमपुस्तिका तीनदा वाचली आणि सव्विसाव्या पानावर मला हवं ते कलम सापडलं. अपील करतो आहे.

ताईंना नमस्कार. प्रकृतीला जपा, गरम पाणी पीत जा.

आपला,
धाकटा साडू

ता. क. ते कलम असं: दुकान उघडं असूनही ज्याचं उत्पन्न बुडालं, त्याला अपिलात साहाय्य मिळू शकतं. अट एकच. आदल्या वर्षी किमान दहा वेळा काम देणाऱ्या गिऱ्हाइकाने, यंदा आपण एकदाही काम दिलं नाही, असा दाखला सहीनिशी द्यावा. आता एका वर्षात दहा वेळा किल्लीवाल्याला कोण बोलावतं? सगळी पावतीपुस्तकं चाळली. एकच माणूस निघाला. कुठली नदी कुठे उगम पावते हे त्याला तोंडपाठ आहे, फक्त स्वतःची किल्ली कुठल्या खिशात आहे ते ठाऊक नसतं. तुमच्या नावावर अकरा पावत्या आहेत. दाखला शुक्रवारपर्यंत हवा.

ता. क. दोन. दाखला नातेवाइकाचा चालत नाही. घाबरू नका. नातेवाइकांची यादी मी बघितली: आईवडील, मुलं, भावंडं, सासूसासरे, मेहुणे, मेहुण्या, दीर, नणंदा, जावा. साडू नाही. खात्री म्हणून तपासनीस बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "यादीत नाही म्हणजे नातंच नाही." सरकारच्या लेखी आपण एकमेकांचे कुणी नाही. इतकी वर्षं सासुरवाडीत आपण तसेच वागत आलो, ते काही वाया गेलं नाही.

ता. क. तीन. पाकीट चिकटवण्याआधी एक गोष्ट लिहायला हवी. ही म्हणते आहे, दाखला हातात येऊ द्या, मग लिहा. अकरावी पावती खोटी आहे. त्या दिवशी तुमचं कुलूप बिघडलेलं नव्हतं, लागलेलंही नव्हतं. दार चौकटीत आवळलं होतं, एका धक्क्याचं काम. पण तुम्ही मागे उभे राहून ताईंना म्हणालात, "बघ, याला म्हणतात कला." मग मी पेटी उघडली, वीस मिनिटं कुलपाशी झटापट केली, घाम पुसला, धक्का दिला आणि तातडीच्या दराची पावती फाडली. ते पैसे मी परत करीन. हे वाचून सही करावी की नाही ते तुम्ही ठरवा. करणार असाल तर दाखल्यात दहा लिहा. अकरा लिहिलेला दाखला आला तर मी तो परत पाठवीन.