कामचोर

मरोदा, भिलाई

प्रिय ईशान,

'प्रिय' लिहावं की नाही यात बराच वेळ गेला. शेवटी राहू दिलं. इतक्या वर्षांची सवय आहे, आणि माझा राग पुढे सविस्तर लिहायचाच आहे, तो पहिल्याच शब्दात कशाला संपवू? तुझे फोन मी उचलत नाही, कारण फोनवर तू फार गोड बोलतोस आणि मी तुला बोलू देते. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

इकडचं सगळं ठीक. बाबा यंदा रेल मिलमधून रिटायर होतील, मग हा क्वार्टर सोडावा लागेल. आई आत्तापासून अंगणातल्या पेरूशी बोलत बसते. आपल्या लॅबमधला एसी अजून गळतो, खाली तीच हिरवी बादली. तुझ्या जागेवर प्रिंटर ठेवलाय. तोही कामाच्या वेळी अडून बसतो, पण निदान खोटं बोलत नाही.

त्या लॅबमध्ये आपण नेमकं काय करायचो, हे परवा मोनाला सांगत होते. माझी धाकटी बहीण आता तुझ्याबद्दल एकही चांगला शब्द ऐकून घेत नाही, तरी हे ऐकलं तिनं. एका चिपमध्ये अनेक कोर, म्हणजे एका छपराखाली अनेक कामगार. कुठलं काम कुणाला, कधी द्यायचं, म्हणजे सगळं लवकर उरकेल? खरी चिप काही आपल्या हातात नव्हती, म्हणून सिम्युलेटर, संगणकातच उभी केलेली खोटी चिप. तिच्यात कामं सोडायची आणि बघत बसायचं, कोण राबतंय, कोण रिकामं बसलंय. एकेका रनला अख्खी दुपार जायची. रन लावून आपण कॅम्प-1 च्या बाजारात गुपचुप, म्हणजे आपली इथली पाणीपुरी, खायला जायचो. तिखट पाण्यानं तुझे डोळे वाहायचे, पण माझ्यापुढे हरायचं नाही म्हणून तू आणखी एक प्लेट मागायचास. मला ते फार आवडायचं. त्या दुपारी मी खरंच सुखात होते, ईशान. ते आज खोटं ठरवायला जमत नाहीये.

'वर्क स्टीलिंग' म्हणून एक प्रकार आपण वाचला होता. रिकामा कोर दुसऱ्याच्या रांगेतलं काम चोरतो आणि स्वतः करतो. मी म्हटलं, म्हणजे कामचोर! तू इतका हसलास की आपले गाइड माणिक सर केबिनमधून बाहेर आले. आपल्याकडे कामचोर म्हणजे अंग चोरणारा, आणि इथे सगळ्यात कष्टाळू कोरला तेच नाव. मग मी माझ्या नियमाला प्रोग्राममध्ये तेच नाव दिलं. नियम साधा होता. चोरायचंच तर शेजाऱ्याचं चोर, कारण शेजाऱ्यांची मेमरी सामायिक असते, सामान लांबून ओढून आणावं लागत नाही. आणि ज्या कामाला कुणी आधीच हात घातलाय, त्याला शिवू नकोस. हे दुसरं कलम सापडायला माझा एक पूर्ण उन्हाळा गेला. आधी सगळे आकडे उलटेच यायचे. तू तेव्हा मुलाखतींची तयारी करत होतास. मी तुला कामाला लावलं नाही, कारण मला वाटायचं, तुझी नोकरी म्हणजे आपलीच.

'आपलीच' हे तू कधी म्हणाला नव्हतास, हेही खरं. पण आमच्याकडे पाटावर बसून आईच्या हातची भाकरी खाणारा माणूस, बाबांशी क्रिकेटवर भांडणारा, मला "घरी 'मले' म्हणतेस आणि माझ्यासमोर 'मला', एवढी भीती वाटते का माझी?" असं चिडवणारा माणूस. त्यावरून मी जे समजायचं ते समजले. कुठलीही मुलगी तेच समजली असती.

मग तू बंगळूरला गेलास. जाताना सिम्युलेटरचं पूर्ण फोल्डर मागितलंस, आठवण म्हणून. मी काही न विचारता दिलं. तुझा पेपर छापून आल्याचं मला तुझ्याकडून नाही, मोनाच्या फोनवरून कळलं. मी आधी शेजारीपाजारी पेढे वाटले, बरं का. वाचला नंतर. कामचोर हे नाव काढून तू एक भारदस्त इंग्रजी नाव घातलंस. बाकी काही बदलायची तसदी घेतली नाहीस. माझ्या आलेखातला तो वेडावाकडा उंचवटासुद्धा जसाच्या तसा. शेवटी आभार कुणाचे, तर 'लॅबमधील सहकाऱ्यांचे'. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मला वाटलं, पुढे कंसात कुठेतरी रेणू असेल.

तरीही मी गप्प बसले असते. अशी मी मूर्ख. पण प्रबंध दिला आणि नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरनं माझा मुख्य अध्याय लालेलाल करून टाकला. समितीनं विचारलं, हे तुम्ही या पेपरमधून का उचललंत? माझ्याच कामाची चोर मी ठरले. तो अध्याय गेला तर प्रबंधात उरते प्रस्तावना. म्हणून मी तक्रार केली. कॉलेजनं तुला लिहून विचारलं, आणि तू दिलेलं उत्तर माणिक सरांनी खाली मान घालून माझ्यापुढे ठेवलं. म्हणे, नियम तुझा, मी फक्त रन लावत होते. ईशान, पेपर चोरलास तेव्हा मला वाटलं होतं, घाई केली असशील, लाज वाटत असेल, एक दिवस सांगशील. या एका वाक्यानं ती सगळी पळवाट बंद केली. तू मला विसरला नव्हतास. तू मला नीट आठवून, विचार करून पुसलंस.

आणि गेल्या रविवारी तुझी आई दुर्गहून आमच्याकडे आली. साडी, नारळ, मिठाई घेऊन, माझा हात मागायला. बाबा हरखून गेले. "पोरी, घर चांगलं हाये, पोरगा आपल्या ओळखीचा हाये," एवढंच त्यांना सुचत होतं. आई पाहुण्यांसमोर हसत होती. गाडी कोपऱ्यावरून वळली तशी पदर खोचत म्हणाली, "इतके वर्स पोट्टा आपल्या घरी जेवला. त्याची माय आजच कावून आली?"

कावून, म्हणजे आजच का, ते मी तिला सांगितलेलं नाही, तुला सांगते. स्वयंपाकघराच्या दारात तुझ्या आईनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता एकाच घरचे होणार तुम्ही. कॉलेजातली ती तक्रार तेवढी मागे घेऊन टाक, बेटा." ज्या निरोपाची मी इतकी वर्षं वाट पाहिली, तो तू मला गप्प बसवायला पाठवलास. पेपरवर तुझ्यानंतर माझं नाव टाकू का, असं विचारलं असतंस तरी मी हो म्हटलं असतं. लग्नाचं तर तू नुसतं माझ्याकडे बघितलं असतंस तरी पुरे होतं. तुला विचारायचंच नव्हतं, फक्त घ्यायचं होतं. मंगळवारी समितीसमोर मी सिम्युलेटर चालवणार आहे. सर म्हणतील तो नियम तिथेच बदलून दाखवीन. तुलाही बोलावलंय, ये. साडी मोना उद्या दुर्गला पोचवील. माझं उत्तर 'नाही' आहे. का नाही, ते तुझ्या आईला तू स्वतः सांग. माझे आईबाबा मी सांभाळीन.

तुझीच झाली असती अशी,
रेणू